चोवीस तास म्हणजे काय गं?

आत्याचा फोन भर दुपारी आला. ती वामकुक्षी मोडून फोन करते म्हणजे काम तसंच असणार.

"अगं, हे तुझं पंचांग विचारतंय, बारा तास का चोवीस तास. मी बारावरच ठेवलंय. चोवीस केलं तर रात्रभर चालू राहणार आणि बॅटरी खाणार. बरोबर ना?"

मला हसायला आलं नाही, कारण ते शब्द मीच लिहिले होते.

थोडं मागचं सांगते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापखाना बंद झाला आणि मी सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाकडे वळले. काम जवळजवळ तेच, फक्त शाईचा वास नाही. सध्या कोथरूडमधली दोन मुलं एक पंचांगाचं अॅप करतायत, त्याची मराठी माझ्याकडे आहे. आत्या सांगलीची, वय ७८, आणि अॅपची पहिली गिऱ्हाईक. पहिली म्हणजे मी तिच्या फोनमध्ये बळेच टाकून दिलेलं.

हे काम कसं येतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एक एक्सेलची फाइल येते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामे रकाने. पडदा दिसत नाही, बटण दिसत नाही, शब्द कुठे जाऊन बसणार ते कळत नाही. ओळ २१२ ला 'टाइम फॉरमॅट', २१३ ला '१२ अवर', २१४ ला '२४ अवर', २१५ ला '२४ प्लस अवर'. मी लिहिलं: 'वेळेचे स्वरूप', '१२ तास', '२४ तास', '२४+ तास'. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. प्रूफ म्हणून मीच डोळे मिटून पास केलं असतं.

आता आत्याच्या बाजूने बघा. आपल्याकडे '२४ तास' कुठे कुठे दिसतं? औषधाच्या दुकानाच्या पाटीवर. एटीएमच्या दारावर. महापालिकेच्या निवडणुकीत घरोघर येणाऱ्या पत्रकावर, '२४ तास पाणी'. एका वृत्तवाहिनीच्या तर नावातच आहे. सगळीकडे अर्थ एकच: अखंड, न थांबता. म्हणजे आत्याने अगदी बरोबर वाचलं होतं. १२ वर ठेवलं की घड्याळ निम्मा दिवस विश्रांती घेईल, असा तिचा हिशेब होता.

चूक माझी, आणि नीट बघितलं तर ती प्रत्ययाची चूक आहे. 'बारा तास' हा काळ झाला, 'बारा तासांचं' हे विशेषण. मराठीत सगळा फरक त्या 'आंचं'मध्ये राहतो, आणि मेनूत जागा कमी म्हणून मी नेमका तोच कापला होता. इंग्रजीला हे चालून जातं, तिथे नाम तसंच्या तसं दुसऱ्या नामापुढे उभं करता येतं. आपल्याकडे शब्द सामान्यरूपात जाऊन प्रत्यय घेतो तेव्हा कुठे तो पुढच्या शब्दाशी बोलायला लागतो.

मग 'स्वरूप' हा शब्दही खटकायला लागला. मुलं म्हणाली, "ताई, सरळ टाइम फॉरमॅट लिहा ना, सगळ्यांना कळतं." कळतं, म्हणूनच नको. आपल्याकडे 'फॉरमॅट' हा शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर येतो ते आठवा: फॉरमॅट मारणे. मोबाइल हळू चालतोय, फॉरमॅट मारून टाक. त्यानंतर फोटो, नंबर, सगळं साफ. आमच्या शेजारच्या काकांनी दुकानात एकदा फॉरमॅट मारून घेतला आणि नातवाच्या बारशाचे फोटो गेले. त्यांच्यापुढे 'टाइम फॉरमॅट' असं बटण ठेवलं तर ते फोन उलटा घालून उठतील. 'प्रारूप' म्हणावं तर तो सरकारी मसुदा वाटतो, ज्यावर हरकती आणि सूचना मागवलेल्या असतात.

एका जुन्या यांत्रिक भाषांतरात मला 'लष्करी वेळ' असंही सापडलं होतं. अमेरिकेत चोवीस तासांच्या घड्याळाला 'मिलिटरी टाइम' म्हणतात, त्याचं ते सरळ भाषांतर. आपल्याकडे या गोष्टीला लोकांनी दिलेलं नाव केव्हाच आहे: रेल्वे टाइम.

मला ते नाव विशेष जवळचं. बाबा रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. घरात सगळं रेल्वेच्या वेळेने चालायचं. दुधाच्या वहीत ०६.१०, पाहुणे आले १४.३०. जेवायला तेराला बसायचे. आईला हे अजिबात खपत नसे. "तेराला वाढू म्हणजे काय, तेराव्याला वाढल्यासारखं वाटतं," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची, आणि बाबा दर दोन दिवसांनी "एकला नको, तेराला," असं ओरडायचे. पण एक गोष्ट बघा. बाबासुद्धा बोलताना कधी 'साडेचौदा' म्हणाले नाहीत. वहीत १४.३० लिहायचे आणि तोंडाने 'अडीच' म्हणायचे. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे सगळं गणगोत बारापर्यंतच येतं. फलाटावरच्या घोषणेत बाई 'चौदा वाजून तीस मिनिटांनी' म्हणतात, कारण 'साडेचौदा' ऐकलं तर लोक गाडीऐवजी बाईंकडे बघतील.

तर मी २१४ मध्ये 'रेल्वे टाइम' लिहून पाठवलं. मुलांना आवडलंही. अडचण २१३ ला आली. रेल्वे टाइम नाही, तर मग काय? 'साधी वेळ'? म्हणजे दुसरी काय अवघड? 'घरची वेळ'? मेनूतले पर्याय जोडीने येतात. एकाला नाव आणि दुसरा बिननावाचा असला की मेनू लंगडतो. दोन दिवस मी २१३ ला नाव शोधत होते आणि मग लक्षात आलं की त्या वेळेला नाव नाही, कारण नावाची गरजच कुणाला पडली नाही. लोक तिला फक्त 'वेळ' म्हणतात.

तिथे मी नाव शोधणं सोडून दिलं. आत्याला पद्धतीचं नाव जाणून घ्यायचंच नव्हतं. पडद्यावर काय उमटेल एवढंच तिला हवं होतं. मग पर्यायाच्या जागी तेच उमटवावं: 'दुपारी २:३०' आणि '१४:३०'. वर 'वेळेचे स्वरूप' काढून 'वेळ अशी दाखवा:' केलं, म्हणजे शीर्षक आणि पर्याय मिळून एक वाक्य होतं. छापखान्यात तक्त्याचं डोकं असंच तपासायचे मी, रकान्याशी जोडून वाचून.

इतकं सोपं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

मुलांनी हुशारी केली. नमुना म्हणून ठरावीक वेळ न ठेवता त्या क्षणीची खरी वेळ दाखवली. जिवंत नमुना. त्यांनी संध्याकाळी बघितलं तेव्हा झकास दिसलं. आत्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी उघडलं. एकीकडे 'सकाळी ९:०५', दुसरीकडे '०९:०५'. "दोन्ही एकच की गं. एकात नुसतं सकाळी लिहायचं राहिलंय." जिवंत नमुना अर्धा दिवस मेलेला असतो, हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. नमुना दुपारनंतरचाच हवा आणि तो हलता कामा नये.

मग कोणती वेळ? मुलांनी ४:३० घेतली. मी 'दुपारी ४:३०' लिहिलं. त्यातला एक मुलगा चिपळूणचा, तो म्हणाला, "दुपारी? चार म्हणजे संध्याकाळ झाली ना ताई, चहाची वेळ." माझी जाऊ नागपूरची. तिला विचारलं तर ती म्हणाली, मे महिन्यात सहालासुद्धा दुपारच असते. आठ वाजता पुन्हा तोच वाद, संध्याकाळ का रात्र. वाद न होणारी वेळ शोधत शोधत आम्ही अडीचवर आलो. अडीचला चिपळूण, पुणे, नागपूर, सगळीकडे दुपारच.

अडीचचा आणखी एक फायदा मला नंतर दिसला. देवनागरीतले १ आणि ९ लहान अक्षरांत सख्खे भाऊ दिसतात. १:३० का ९:३० हे चष्मा लावूनही कळत नाही. '१४:३०' मध्ये एक आहे, पण तो कुणी नऊ वाचला तर ९४ वाजतील, म्हणजे चूक आपोआप पकडली जाते. हे अंक कुठून येतात तर युनिकोडचा सीएलडीआर नावाचा एक सामायिक साठा आहे, भाषावार तारीख-वेळ-आकडे कसे लिहायचे याचा. त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे. म्हणून फोनची भाषा मराठी केली की घड्याळही देवनागरीत येतं. मला ते आवडतं. पण टंक निवडणाऱ्याने एक आणि नऊ शेजारी ठेवून एकदा तरी बघावं.

'दुपारी' हा शब्द मिळवणं हेही वेगळंच प्रकरण झालं. पहिल्या आवृत्तीत मुलांनी कुठूनतरी 'म.पू.' आणि 'म.उ.' आणलं होतं. मध्याह्नपूर्व, मध्याह्नोत्तर. (शाळांच्या भिंतींवर सर्रास 'मध्यान्ह भोजन' असतं. ह आधी, मग न. बावीस वर्षांची सवय, सुटत नाही.) आत्याने विचारलं, "नऊ वाजता महापूर म्हणजे?" सांगलीच्या माणसासाठी यात विनोद नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती आठ दिवस माझ्याकडे होती आणि दर तासाला आयर्विन पुलाची पातळी विचारत होती. 'म.पू.' त्याच दिवशी काढलं.

मग त्यांनी 'एएम'च्या जागी 'सकाळी' आणि 'पीएम'च्या जागी 'दुपारी' घातलं. सॉफ्टवेअरला दोनच खाने माहीत, मध्यान्हाच्या अलीकडे आणि पलीकडे. (बघा, मीही तसंच लिहिलं.) परिणाम काय, तर रात्री दीड वाजता 'सकाळी १:३०' आणि रात्री अकराला 'दुपारी ११:००'. मराठी माणूस दिवसाचे दोन तुकडे करतच नाही. त्याला पहाट लागते, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र लागते. मी मुलांना म्हटलं, हे असं पाच-सहा खान्यांत करता येत नाही का? एकाने शोधून काढलं की त्याच सीएलडीआरमध्ये सोय आहे. वेळेच्या साच्यात लहान 'ए' लिहिलं की एएम-पीएम मिळतं, मोठा 'बी' लिहिला की प्रहरांची नावं मिळतात, भाषेनुसार. एक अक्षर बदललं. अर्ध्या तासात 'पहाटे ४:३०' दिसायला लागलं. आत्या कार्तिकात काकड आरतीला उठते, तिच्या दृष्टीने साडेचार हे सकाळी कधीच नव्हते.

बाराचा घोळ तर शहाण्यासुरत्यांनाही सुटलेला नाही. '१२ पीएम' म्हणजे दुपार की मध्यरात्र? अमेरिकेच्या सरकारी छापखान्याची एक शैलीपुस्तिका आहे. तिच्या २००० सालच्या आवृत्तीत दुपारच्या बाराला 'एएम' म्हटलं होतं, आणि २००८ च्या आवृत्तीत ते नेमकं उलटं केलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण एकटेच नाही. 'दुपारी १२' आणि 'रात्री १२' म्हटलं की हा प्रश्न पडतच नाही, पण त्यासाठी मराठीला तिचे शब्द वापरू द्यायला हवेत.

आता ओळ २१५, जिच्यापासून मी पळत होते. '२४ प्लस'.

पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. मंगळवारची एखादी तिथी रात्री अडीचला संपली, तर इंग्रजी हिशेबाने बुधवार लागलेला असतो, पंचांगाच्या हिशेबाने मंगळवारच चालू असतो. म्हणून काही ठिकाणी ती वेळ २६:३० अशी देतात. चोवीस अधिक अडीच. पहिल्यांदा बघणाऱ्याला छपाईची चूक वाटते. मीही एका तक्त्यावर लाल पेनाने गोल केला होता आणि पंचांगवाल्या गुरुजींनी तो पांढऱ्या शाईने पुसला. यात वेडेपणा काही नाही. जपानमध्ये रात्री उशिराचे टीव्ही कार्यक्रम २५ वाजता असे जाहीर करतात. बस-रेल्वेची वेळापत्रकं संगणकाला देण्याचा जीटीएफएस नावाचा जगभर चालणारा साचा आहे, त्यातही मध्यरात्र ओलांडणाऱ्या फेरीची वेळ २५:३५ अशी लिहितात, कारण गाडी कालच्याच फेरीची असते.

आणि माणसाच्या डोक्यातही रात्र आदल्याच दिवसाची असते. '००:२०, बुधवार' असं तिकिटावर असलं की मंगळवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं असतं. हे बाबांनी आख्ख्या खानदानाला समजावलं, तरी दरवर्षी एखादा नातेवाईक बुधवारी रात्री ट्रंक घेऊन फलाटावर हजर. बाबा त्याला घरी आणायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "तुझी गाडी काल आली होती."

तर '२४+ तास' याला आत्याच काय, मीही काही अर्थ लावू शकले नसते. नमुना दाखवायचा, तर इथे एकटा अडीच पुरत नाही. दुपारचे अडीच दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात सारखेच, १४:३०. फरक उजाडेपर्यंतच्या वेळेतच दिसतो. म्हणून प्रत्येक पर्यायाला दोन नमुने दिले, दुपारचे अडीच आणि रात्रीचे अडीच. आणि रात्रीच्या अडीचला आपल्या दिनदर्शिकांनी पूर्वीपासून एक अचूक शब्द देऊन ठेवलाय: उत्तररात्री. 'मंगळवारी उत्तररात्री' म्हटलं की बुधवारची भानगडच नाही. लग्नपत्रिकेतल्या 'सायं.' आणि 'दु.'सारखा त्याचाही 'उ. रात्री' असा आखूड अवतार आहे. साठ्यातल्या नावांत तो नव्हता, मुलांनी तो आपल्या अॅपपुरता हाताने घातला.

आता मेनू असा आहे. वर 'वेळ अशी दाखवा:' आणि खाली

दुपारी २:३०, उ. रात्री २:३०
१४:३०, ०२:३०
१४:३०, २६:३०

'तास' हा शब्द कुठेच नाही. 'स्वरूप' नाही, 'फॉरमॅट' नाही. तिसऱ्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'सूर्योदयापर्यंतची वेळ आदल्याच दिवसात मोजून'. ती ओळ मला अजून पूर्ण पटलेली नाही, 'मोजून'ने शेवट लोंबकळतो.

या सगळ्यात विसर्गाचं सांगायचं राहिलं. आठवणीची वेळ टाकायच्या चौकटीत लोक '१४ः३०' लिहितात, मधे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग. मराठी कळफलकावर विसर्ग हाताशी असतो आणि दिसायला दोन टिंबं ती दोन टिंबंच. छापखान्यात 'विषयः' आणि 'वेळः' पुसून पुसून माझी बोटं झिजली. अॅप म्हणायचं, 'अवैध वेळ'. आत्याला वाटलं, तिची औषधाची वेळ बेकायदेशीर आहे. मी मुलांना सांगितलं, विसर्ग आला तर गुपचूप अपूर्णविराम समजा, टिंबही चालवा, वर्तमानपत्रं 'सायं. ५.३०' असंच छापतात. आणि चौकटीत 'अवैध'ऐवजी 'वेळ अशी लिहा: २:३०'. हे त्यांनी एका बसणीत केलं. मुलं चांगली आहेत, फक्त त्यांना वाटतं की जो चुकीचं टंकतो त्याने शिकावं.

नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात आत्याच्या फोनमध्ये गेली. मी मुद्दाम काही बोलले नाही. रविवारी तिचा फोन आला.

"पहिलं ठेवलंय. दुपारी अडीच, छान आहे. दुसरं तुझ्या बाबांचं. पण हे सव्वीस तीस कुणाचं?"

"गुरुजींचं. तिथी बघायला सोपं पडतं त्यांना."

"मग गुरुजींच्या फोनात ठेव की. माझ्यात कशाला?"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं मुलांना पाठवलं. एकाचं उत्तर आलं की पर्याय लपवायला वेगळी पाटी करावी लागेल, 'प्रगत सेटिंग' अशी. म्हणजे आता 'प्रगत'ला शब्द शोधा. ओळ ३०४.